बोटॉक्सऐवजी दुसरं इंजेक्शन: युनिटचा हिशोब, सिरिंज आणि कुठे काय चुकतं

प्रोसेरस | सोम, सकाळी ९:१०

आठ्यांच्या जुन्या धाग्यावर दर चार प्रतिसादांनी तोच प्रश्न येतोय: "बोटॉक्सऐवजी अमुक दिलं तर चालेल का?" उत्तरं तिथे पार विखुरली आहेत, म्हणून हा वेगळा धागा. विषय फक्त बॉट्युलिनम टॉक्सिनचा, म्हणजे बोटॉक्ससारख्या इंजेक्शनांत असतं त्या, स्नायू ढिला करणाऱ्या विषाचा. फिलर, लेझर आणि "इंजेक्शनशिवाय बोटॉक्स" म्हणून विकली जाणारी क्रीमं इथे आणू नका, त्यांचा याच्याशी नावापुरता संबंध आहे.

बोटॉक्स हे एका कंपनीच्या मालाचं नाव. वनस्पती तुपाला सगळे डालडा म्हणायचे तसं झालंय. अमेरिकेत भुवयांमधल्या उभ्या आठ्यांसाठी त्याला २००२ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच कामासाठी पुढे तिथे डिस्पोर्ट (२००९), झिओमिन (२०११), जुवो (२०१९), डॅक्सिफाय (२०२२) आणि लेटिबो (२०२४) आले. जुवो आणि लेटिबो मूळचे कोरियाचे. भारतात बोटॉक्स, डिस्पोर्ट, झिओमिन यांच्या जोडीला कोरियाचं न्यूरोनॉक्स आणि मुंबईच्या गुफिकचं स्टनॉक्स दिसतं.

काम सगळ्यांचं एकच. ए प्रकारचं टॉक्सिन मज्जातंतूच्या टोकात शिरून स्नॅप-२५ नावाचं प्रथिन कापतं. मग ॲसिटिलकोलिन हे निरोप नेणारं रसायन बाहेर पडत नाही आणि आकसण्याचा निरोप स्नायूपर्यंत पोचतच नाही. २-३ दिवसांत सुरुवात, साधारण २ आठवड्यांत पूर्ण परिणाम, बहुतेकांचा ३-४ महिन्यांनी ओसरतो.

फरक आहे तो युनिटमध्ये. युनिट हे वजन नाही. उंदरांच्या गटातले निम्मे दगावतील एवढी मात्रा म्हणजे एक युनिट, ही मूळ व्याख्या. पण चाचणीची पद्धत, त्यातलं द्रावण हे ज्या त्या कंपनीचं वेगळं. आता उंदरांऐवजी पेशींवरच्या चाचण्या आल्या, तरी मोजपट्टी जिची तिचीच राहिली. पूर्वी गावागावाची पायली वेगळी असायची, तशातला प्रकार.

भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकी माहितीपत्रकातला डोस (५ जागा मिळून):

बोटॉक्स, झिओमिन, जुवो, लेटिबो: २० युनिट
डॅक्सिफाय: ४० युनिट
डिस्पोर्ट: ५० युनिट

रोजच्या व्यवहारात डॉक्टर बोटॉक्सच्या १ युनिटला डिस्पोर्टची २.५ ते ३ धरतात, झिओमिनचं १ ला १. हे अंदाज आहेत, कायदा नाही. माहितीपत्रकं तर स्पष्टच सांगतात की एका ब्रँडची युनिटं दुसऱ्यात बदलून वापरू नका.

खडूस मावशी | सोम, सकाळी १०:४२

म्हणजे "आमच्याकडे युनिटला फक्त १२० रुपये" ही जाहिरात तशी निरर्थकच. समजा एकाकडे बोटॉक्स युनिटला ३०० रुपये, २० युनिट, झाले ६०००. दुसऱ्याकडे डिस्पोर्ट १२० रुपये, ५० युनिट, तेही ६०००. स्वस्त काय झालं? आणि त्याच दुसऱ्याने डिस्पोर्टची २० युनिटंच टोचली तर बिल २४०० येईल, आणि ओळखीच्या चार बायका म्हणतील "डिस्पोर्ट टिकत नाही गं."

प्रोसेरस | सोम, सकाळी ११:०५

मावशी, अगदी तेच. "टिकत नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा ब्रँड नसतो, कमी डोस असतो.

लालटोपण | सोम, दुपारी १:२०

औषधांच्या बाजूने लिहितो. ब्रँड बरोबर, डोस कागदावर बरोबर, तरी हातात चूक होते ती सिरिंजपाशी. आणि ही चूक खास आपल्याकडची, कारण टॉक्सिन बऱ्याचदा इन्सुलिनच्या सिरिंजने टोचतात आणि भारतात तिच्या दोन जाती मिळतात: लाल टोपणाची यू-४० आणि नारिंगी टोपणाची यू-१००. यू-४० मध्ये १ मिलीचे ४० भाग, यू-१०० मध्ये १ मिलीचे १०० भाग. दोन्हींवर "युनिट" लिहिलेलं असतं, पण ती इन्सुलिनची युनिटं. टॉक्सिनशी त्यांचा काही संबंध नाही.

आता १०० युनिटची बोटॉक्सची कुपी घ्या, त्यात २.५ मिली सलाईन घाला. झालं १ मिलीत ४० युनिट.

यू-४० वर एक रेघ = ०.०२५ मिली = बरोबर १ युनिट. हिशोब सरळ.
यू-१०० वर एक रेघ = ०.०१ मिली = ०.४ युनिट.

म्हणजे नेहमी लाल टोपण वापरणाऱ्याच्या हाती एखाद्या दिवशी नारिंगी आलं आणि त्याने सवयीने २० रेघा भरल्या, तर पेशंटला २० ऐवजी ८ युनिटं गेली. उलट दिशा जास्त वाईट. यू-१०० ची सवय असणारा २० युनिटांसाठी ५० रेघा मोजतो. तोच माणूस यू-४० वर १० युनिटांसाठी २५ रेघा भरेल तर २५ युनिटं जातील, अडीचपट.

कुपीत १ मिलीच घातलं तर यू-१०० ची एक रेघ १ युनिट होते. त्यामुळे "एक रेघ एक युनिट" हे वाक्य कुठली सिरिंज आणि किती सलाईन हे सांगितल्याशिवाय बोलूच नये.

डिस्पोर्टची ३०० युनिटची कुपी २.५ मिलीत केली की १ मिलीत १२० युनिट, म्हणजे यू-४० ची एक रेघ = ३ युनिट. बोटॉक्सच्या जितक्या रेघा तितक्याच डिस्पोर्टच्या, १ ला ३ आपोआप सांभाळलं जातं. काही जण मुद्दाम हेच प्रमाण ठेवतात. पण ५०० ची कुपी तेवढ्याच पाण्यात केली तर रेघ ५ युनिटांची होते. कुपी ३०० ची की ५०० ची हे न बघता भरलं की भुवयाच काय, पापण्याही खाली.

माहितीपत्रकाप्रमाणे ३०० ची डिस्पोर्ट २.५ मिलीत असेल तर एका जागेचं १० युनिट = ०.०८ मिली, १.५ मिलीत असेल तर ०.०५ मिली.

शेवंती | सोम, दुपारी ३:३५

लालटोपण, हे छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे.

एक नेहमीचा गैरसमज इथेच मोडू या. "डॉक्टरने पाणी जास्त घातलं, फसवलं" असं लोक म्हणतात. १०० युनिट १ मिलीत असोत की ४ मिलीत, २० युनिट टोचली तर २० च गेली. पाण्याने बदलतं ते पसरणं. कमी पाणी असलं तर थेंब छोटा, परिणाम जागच्या जागी. जास्त पाणी असलं तर वर्तुळ मोठं. काखेतल्या घामासाठी ते सोयीचं, भुवईखाली गैरसोयीचं. विचारायचं असेल तर "किती मिली" विचारू नका. कुठला ब्रँड, किती युनिट आणि कुपी केव्हा फोडली, एवढं विचारा.

गुंजवणी | सोम, सायं. ६:१२

अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं म्हणे यात. ते अंड्यातलं का? शुद्ध शाकाहारी पेशंट हटकून विचारतात, आणि अंड्याची ॲलर्जी असलेलेही.

प्रोसेरस | सोम, रात्री ८:५०

अंड्याचं नाही, माणसाचं. दान केलेल्या रक्तद्रवातून काढलेलं ह्युमन सीरम अल्ब्युमिन. टॉक्सिन इतकं सूक्ष्म असतं की आधाराला काही नसेल तर ते काचेलाच चिकटून बसेल. बोटॉक्सच्या १०० युनिटमध्ये ०.५ मिग्रॅ अल्ब्युमिन आणि ०.९ मिग्रॅ मीठ. झिओमिनमध्ये १ मिग्रॅ अल्ब्युमिन आणि ४.७ मिग्रॅ साखर. त्यामुळे अंड्याची ॲलर्जी आडवी येत नाही, शाकाहाराचं ज्याने त्याने ठरवावं. डॅक्सिफायमध्ये अल्ब्युमिन नाही. त्याऐवजी एक कृत्रिम पेप्टाइड टॉक्सिनला धरून ठेवतं. चीनच्या हेंगलीमध्ये जिलेटिन असतं, तेव्हा जिलेटिनची ॲलर्जी विचारल्याशिवाय ते हातात घेऊ नये.

डिस्पोर्टचं वेगळं. त्यात लॅक्टोज आहे आणि त्याबरोबर गाईच्या दुधाच्या प्रथिनाचा अंश असू शकतो. गाईच्या दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असेल तर डिस्पोर्ट नाही. पण दूध प्यायलं की पोट फुगतं, एवढंच असेल तर ती ॲलर्जी नव्हे, ते लॅक्टोज न पचणं, त्याला डिस्पोर्ट चालतं. फॉर्मवर नुसतं "दूध चालत नाही" लिहिलेलं असतं. पुढचा प्रश्न विचारायला हवा.

शीतसाखळी | मंगळ, सकाळी ८:३०

साठवणीचं राहिलं.

न फोडलेली बोटॉक्स आणि डिस्पोर्ट २ ते ८ अंशांत. झिओमिन फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये किंवा २० ते २५ अंशांच्या खोलीत चालतं. या शेवटच्या ओळीवर आपल्याकडे फार मजा होते. "रूम टेंपरेचर चालतं" म्हणून कुरिअरच्या खोक्यात टाकून पाठवतात. मे महिन्यातली नागपूरची खोली म्हणजे २५ अंश नव्हे, आणि कुरिअरची गाडी तर नव्हेच.

सलाईन घातल्यावर बोटॉक्स, डिस्पोर्ट, झिओमिन २४ तास, तेही फ्रिजमध्ये. डॅक्सिफाय ७२ तास. जाणकार डॉक्टर याहून जास्त दिवस ठेवतात आणि त्याला अनुभवाचा आधारही आहे, पण ते माहितीपत्रकाच्या बाहेरचं आहे हे पेशंटला माहीत असावं.

कुपी भरताना बघायच्या गोष्टी: पोटॅशियम, स्टेराइल वॉटर वगैरे शेजारच्या कुप्या नव्हेत, ०.९ टक्के सलाईनच. रबरावर पुसलेलं स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं. सुई आत गेली की बोटॉक्ससारख्या निर्वात कुपीने सलाईन स्वतःहून आत ओढलं पाहिजे. ओढलं नाही तर निर्वातता गेली, कुपी बाद, कितीही महाग असली तरी. झिओमिनची पावडर रबराखाली चिकटून राहते, म्हणून सलाईन घातल्यावर हलकेच फिरवून कुपी दोन-चारदा उलटी करायची. हे विसरलं की पहिल्या पेशंटला पातळ आणि शेवटच्याला दाट माल जातो. फेस येईल असं कुठलीच कुपी हलवायची नाही.

गुंजवणी | मंगळ, सकाळी ११:१५

आता बिघाडाचं लिहितो, ब्रँड कुठलाही असो.

पापणी पडणे: भुवयांमधला डोस खाली झिरपून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचला की होतं. भुवया जवळ ओढणारा स्नायू नाकाच्या मुळाशी हाडावरून निघतो आणि बाहेरच्या टोकाला कातडीत शिरतो. म्हणून आतली सुई खोल, बाहेरची उथळ. बाहेरची जागा हाडाच्या कडेपासून निदान १ सेंमी वर. ही कडा बोटाने चाचपून ठरवायची, भुवईच्या केसांवरून नाही, कारण कोरलेली भुवई कुठेही असू शकते. टोचताना दुसऱ्या हाताचा अंगठा कडेवर दाबून ठेवला की थेंब खाली उतरायला वाव कमी. पापणी पडलीच तर काही आठवड्यांत आपोआप सुधारते; तोवर ०.५ टक्के ॲप्राक्लोनिडिनचे थेंब दुसऱ्या एका छोट्या स्नायूला चेतवून पापणी १-२ मिमी उचलतात. थेंब डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

भुवई उतरणे: कपाळाचा स्नायू हा भुवई वर धरणारा एकटाच. पन्नाशीपुढच्या अनेकांच्या पापण्या सैल असतात आणि ते नकळत कपाळ ताणून डोळे उघडे ठेवतात. त्यांच्या कपाळावरच्या आडव्या आठ्या गेल्या की डोळ्यांवर झापड. तपासणी सोपी: डोळे मिटून कपाळ सैल सोडायला सांगा, मग कपाळावर हलका हात ठेवून डोळे उघडायला सांगा. कपाळ तुमच्या हाताखाली वर सरकायला धडपडलं, तर डोस कमी, आणि भुवईच्या वर दीड-दोन सेंमीची पट्टी मोकळी. आणखी एक: कपाळाबरोबर भुवयांमधला डोसही द्यायचा. खाली ओढणारे स्नायू पूर्ण ताकदीचे ठेवून वर ओढणारा एकटा ढिला केला, तर भुवई खालीच जाणार.

शकुनीमामा: कपाळाचा मधला भाग शांत, कडा मोकळ्या राहिल्या की भुवयांची बाहेरची टोकं वर चढतात. दिसायला भयंकर, दुरुस्ती सगळ्यांत सोपी. त्या बाजूला वर बोटॉक्सची १-२ युनिटं, २ आठवड्यांनी बघून.

डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या: माहितीपत्रकात बोटॉक्स दर बाजूला १२ युनिट, कोपऱ्यापासून दीड-दोन सेंमी बाहेर. सुई गालाकडे खाली उतरली की हसू एका बाजूला पडतं.

चेहरा स्थिर असतानाही खोल दिसणारी रेघ टॉक्सिनने मऊ होते, पुसली जात नाही. हे आधी सांगितलं नाही तर ब्रँडला शिव्या बसतात.

खडूस मावशी | मंगळ, दुपारी १२:४०

कोरियन कुप्यांचे जे व्हॉट्सॲप ग्रुप चालतात त्यांच्याबद्दल कुणी बोलणार की नाही? "घरच्या घरी करा" म्हणून व्हिडिओसकट.

शीतसाखळी | मंगळ, दुपारी २:०५

बोलतो. कोरियन असणं हा दोष नाही. जुवो आणि लेटिबो हे कोरियन मूळ असूनच अमेरिकेत मंजूर झाले. दोष वाटेचा. त्या कुपीत लिहिलेली युनिटं खरंच आहेत का, हे तपासायची सोय तुमच्याकडेच काय, डॉक्टरांकडेही नाही. पावडर डोळ्यांना जवळजवळ दिसतसुद्धा नाही.

२००४ मध्ये फ्लोरिडात प्रयोगशाळेसाठीचं, माणसांसाठी नसलेलं टॉक्सिन सुरकुत्यांसाठी टोचलं गेलं. चार जण बॉट्युलिझमने (याच टॉक्सिनच्या विषबाधेने) रुग्णालयात, कृत्रिम श्वासोच्छ्वासावर. २०२३ च्या सुरुवातीला तुर्कस्तानात वजन कमी करण्यासाठी पोटात टॉक्सिन टोचून घेतलेले कितीतरी जण आजारी पडले. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट किंवा गैरमार्गाने आलेल्या इंजेक्शनांनंतर ११ राज्यांतल्या २२ बायकांना त्रास झाल्याची नोंद झाली. तिथल्या बनावट बोटॉक्सच्या डब्यांवर औषधाचं नाव पूर्ण ओनाबॉट्युलिनमटॉक्सिन-ए असं न छापता नुसतं "बॉट्युलिनम टॉक्सिन टाइप ए" छापलं होतं, आणि काहींवर १५० युनिट, जी त्या ब्रँडची कुपीच नाही.

आपल्याकडे आयात मालाच्या डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात परवान्याचा क्रमांक हवा. डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा, लॉट क्रमांक आणि मुदत फाइलमध्ये लिहून घ्या. चांगला डॉक्टर यावर रागावत नाही.

टोचल्यानंतर काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत कधीही दोन-दोन दिसणं, गिळताना त्रास, आवाज बदलणं, मान धरवत नसणं, धाप लागणं यांपैकी काही झालं तर क्लिनिकच्या फोनची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या टॉक्सिनलाच पकडतं, मज्जातंतूत शिरलेलं काढू शकत नाही. म्हणून उशिराला इथे फार किंमत आहे.

लालटोपण | मंगळ, दुपारी २:३०

+१. आणि गरोदर बायका, मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार असलेले, जेंटामायसिन किंवा ॲमिकासिन चालू असलेले यांनी ब्रँड निवडायची वेळच येऊ नये. ही ॲंटिबायोटिक्स टॉक्सिनचा परिणाम वाढवतात.

शेवंती | मंगळ, रात्री ९:१८

शेवटचे दोन मुद्दे विचारते. "शरीराला सवय झाली, आता झिओमिन घ्या" असं सांगतात ते कितपत खरं? आणि लग्नाच्या आधी किती दिवस?

प्रोसेरस | बुध, सकाळी ७:४५

सवय म्हणजे टॉक्सिनला निकामी करणारी प्रतिद्रव्यं. सुरकुत्यांच्या छोट्या डोसमध्ये ती क्वचित होतात. झिओमिनमध्ये भोवतालची प्रथिनं काढून टाकलेली असतात, फक्त टॉक्सिनचा मूळ रेणू उरतो. १०० युनिटमागे प्रथिन ०.४४ नॅनोग्रॅम, बोटॉक्समध्ये ५, डिस्पोर्टच्या ५०० युनिटमध्ये ४.३५. प्रथिन कमी म्हणून प्रतिद्रव्यं कमी, हा तर्क ठीक आहे. पण "परिणामच होत नाही" म्हटलं की मी आधी डोस, जागा, सिरिंज आणि कुपीची तारीख या क्रमाने शंका घेईन. खात्री करायची तर कपाळाच्या एकाच बाजूला थोडा डोस देऊन दोन आठवड्यांनी भुवया उचलायला सांगायचं. एक बाजू हलेनाशी झाली तर प्रतिद्रव्यांचा प्रश्न मिटला. बी प्रकारचं टॉक्सिन पर्याय म्हणून आहे, पण ते आम्लधर्मी, टोचताना झोंबतं आणि लवकर ओसरतं. दर तीन-चार आठवड्यांनी थोडं थोडं भरत राहणं मात्र टाळा, दोन पूर्ण डोसांत १२ आठवडे हवेत.

लग्नाला ४ ते ६ आठवडे आधी. १४ व्या दिवशी बघून काही दुरुस्ती लागली तर तिलाही दोन आठवडे हवेत. नवा ब्रँड पहिल्यांदा वापरायचा असेल तर तो लग्नाच्या मोसमात नको, एक फेरी आधीच होऊन जाऊ द्या. टोचल्यावर ४ तास चोळायचं नाही, त्या दिवशी फेशियल नाही. हळदीला चेहरा चोळला तर काही होत नाही, तोवर टॉक्सिन कधीच आपल्या जागी बसलेलं असतं.

खडूस मावशी | बुध, सकाळी ८:०२

आणि नवऱ्यामुलाला?

प्रोसेरस | बुध, सकाळी ८:१०

त्यालाही तेवढेच आठवडे. पुरुषांचा भुवयांमधला स्नायू जाड असतो, २० वर भागेलच असं नाही. आणि त्यांच्या भुवया सपाट असतात, तेव्हा कमान येईल अशा जागा निवडायच्या नाहीत.